आवृत्ती जुनी की नवी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त गणित शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात भाचीचा ‘सॅट’चा (अमेरिकेतल्या महाविद्यालयांत प्रवेशासाठीच्या परीक्षेचा) सराव पेपर तपासायला घेतला, तर अकरा प्रश्न कोरे. त्यातले निम्मे तरी तिला सहज येण्यासारखे होते. विचारलं तर म्हणाली, “मावशी, पुस्तकातच दिलंय, खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्या.”

परीक्षेच्या तयारीचं हे पुस्तक तिला एका ओळखीच्या मुलीने दिलेलं, २०१६च्या आधीचं. त्या काळी पर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं की पाव गुण कापला जायचा, म्हणून तो सल्ला तेव्हा योग्यच होता. मार्च २०१६पासून ही वजावट बंद झाली. आता एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. पोरीने दोन महिने मन लावून चुकीची सवय लावून घेतली, याचं मला फार वाईट वाटलं.

पण म्हणून ते पुस्तक मी रद्दीत घातलं नाही. ‘परीक्षा कशी द्यावी’ हा भाग आणि सराव पेपर तेवढे स्टेपल करून बंद केले. आता ही परीक्षा संगणकावर होते, पहिला टप्पा कसा सोडवला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते आणि एका छोट्या उताऱ्यावर एकच प्रश्न असतो. जुन्या पेपरांवरून वेळेचा अंदाज बांधला तर फसगतच होईल. शेकडेवारी, रेषीय समीकरणं, वर्तुळं मात्र आहेत तशीच आहेत. त्या प्रकरणांतली उदाहरणं आम्ही अजून सोडवतो.

उलटा अनुभवही आहे. एका विद्यार्थ्याने आणलेली दुसऱ्या एका परीक्षेची ‘सुधारित’ आवृत्ती मी आधीच्या आवृत्तीशेजारी ठेवून पानोपान ताडून पाहिली. मुखपृष्ठावरचं साल बदललं होतं, आत सगळं तेच. उत्तरसूचीतली चुकीची दोन उत्तरंसुद्धा तशीच!

म्हणजे नुसत्या सालावरून काही कळत नाही. परीक्षा शेवटची कधी बदलली, हे आधी बघायला हवं. परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या ‘जीआरई’मधून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ मध्येच गेले आणि सप्टेंबर २०२३पासून ती दोन तासांच्या आत आटोपते. व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठीच्या ‘जीमॅट’च्या नव्या स्वरूपात भूमितीच नाही. हे बदल परीक्षा घेणाऱ्या संस्था आपल्या संकेतस्थळावर जाहीर करतात, नमुना प्रश्नही तिथे फुकट मिळतात.

प्रकाशकांना माझी कळकळीची विनंती आहे : मागच्या आवृत्तीपेक्षा या आवृत्तीत नेमकं काय बदललं, ते पहिल्याच पानावर छापा. आणि आपली पुस्तकं पुढे देणाऱ्या मुलांनो, आपण कोणत्या साली परीक्षा दिली, ते आतल्या पानावर पेनाने ठळक लिहून मगच पुस्तक द्या. भाचीच्या पुस्तकावर मी तसं लिहून ठेवलं आहे.

— एक निवृत्त गणित शिक्षिका