शह आणि चेक एकाच घरातले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुद्धिबळाच्या बातम्यांत 'चेक', 'चेकमेट' असे इंग्रजी शब्द छापता म्हणून गेल्या रविवारी एका वाचकांनी आपल्याला धारेवर धरले आहे. 'शह' आणि 'मात' हे अस्सल मराठी शब्द असताना ही उसनवारी कशाला, असा त्यांचा सवाल. 'शह' छापा, याला माझेही अनुमोदन आहे. फक्त त्यातला 'अस्सल मराठी' हा शेरा काढून टाका.

शह म्हणजे फारसी 'शाह', राजा. 'बादशहा'तला शहा तोच. खेळ आपल्याकडून चतुरंग म्हणून इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि मग युरोपात. राजावर मारा झाला की समोरच्याला सावध करायला 'शाह!' म्हणत. तो पुकारा लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून झिजत झिजत इंग्रजीत 'चेक' होऊन पोचला. आपल्याकडे तोच शब्द फारसीतून आला आणि 'शह' राहिला. 'चेकमेट' म्हणजे 'शाह मात'. 'मात' म्हणजे मेला, असे पुष्कळजण सांगतात. पण फारसीत मात म्हणजे हतबल. पटावरचा राजा मरतो कुठे? तो कोंडला जातो.

हे सगळे शोधण्याचे खूळ मला बँकेमुळे लागले. मी तेहतीस वर्षे काउंटरवर काढली. पितळी टोकन देऊन माणसाला बाकावर बसवायचे, चेक आत पाठवायचा, लेजरला नोंद, सहीचा नमुना जुळवायचा, मग लाल शाईची टिक. आमचे पासिंगचे साहेब केबिनमधून ओरडायचे, "चेकचे चेकिंग झाले का?" सगळा स्टाफ हसायचा. एकाच्या शेवटी सी-के, दुसऱ्याच्या शेवटी क्यू-यू-ई. आम्ही ते दोन वेगळे शब्द धरून चाललो होतो.

ते वेगळे नाहीत. राजाला शह बसला की खेळणाऱ्याचे बाकीचे बेत जागच्या जागी थांबतात. त्यावरून 'चेक' म्हणजे अडवणे, रोखणे, लगाम घालणे. आणि रोखून धरलेली वस्तू माणूस नीट पाहतो, म्हणून तपासणे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' म्हणत ते काउंटरफॉइलला, म्हणजे कागद फाडून दिल्यावर मागे राहणाऱ्या तुकड्याला. पैसे काढायच्या कागदात कोणी खाडाखोड केली तर त्या अर्ध्या तुकड्याशी ताडून लबाडी रोखता यावी, म्हणून. पुढे ते नाव कागदालाच चिकटले. क्यूची शेपटी लागली ती 'एक्स्चेकर' म्हणजे सरकारी खजिना, या शब्दाच्या नादाने. अमेरिकेत ती लागलीच नाही, तिथे बँकेचा चेकही सी-केवरच संपतो.

आता एक्स्चेकर. ब्रिटनचे अर्थमंत्री आजही 'चान्सलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणवतात. या शब्दाचा मूळ अर्थ बुद्धिबळाचा पट! बाराव्या शतकात राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने हिशेबखात्याच्या कामकाजावर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिले. त्यात तो टेबलच मोजून सांगतो: सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटे उंच काठ. त्यावर रेघारेघांचे काळे कापड. जिल्ह्याजिल्ह्याचे शेरीफ वसुलीचा हिशेब द्यायला येत आणि रेघांमधल्या घरांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी होई. फिट्झनील म्हणतो, पटावर दोन राजे लढतात, तसे इथे खजिनदार आणि शेरीफ. मार्चअखेरीला ऑडिटरसमोर बसलेल्या कुठल्याही बँकवाल्याला विचारा, त्याला हे पटेल. माझ्या अंगावरचा चौकड्यांचा शर्टही याच पटावरून 'चेक्स'चा झाला.

तात्पर्य, 'चेक' हा बाहेरचा आणि 'शह' हा घरचा, असा हिशेब लागत नाही. तरी 'शह'च छापा असे मी म्हणतो, याचे कारण वेगळे. मराठीत त्याचा संसार वाढला आहे. 'काटशह' आपण घडवला. तुमच्याच पहिल्या पानावर आठवड्यातून दोनदा राजकारणातले शह-काटशह असतात, मग खेळाच्या पानावरच त्याला बंदी का?

२०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत बुद्धिबळाचा महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून माझी नात पट सोडत नाही. परवा मी सवयीने "शह!" म्हणालो, तर म्हणते, "आजोबा, असं ओरडायचं नसतं. सर सांगतात, समोरच्याला स्वतःला दिसलं पाहिजे." स्पर्धेच्या नियमात शह बोलून दाखवण्याची सक्ती नाही, हे खरेच आहे. म्हणजे ज्या पुकाऱ्यापासून हे सगळे शब्द निघाले, तो पुकाराच आता बंद. तो निदान बातमीत तरी ऐकू येऊ द्या.

आपला,
एक निवृत्त रोखपाल, सांगली

ता. क. : नातीने विचारले म्हणून लिहितो. चेक प्रजासत्ताकाचा या कशाशीही संबंध नाही. ते त्या लोकांचे स्वतःचे नाव आहे.