निवडणूक लांबली, पण त्या वेळात झाले काय?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दक्षिण सुदानवरील आपला अग्रलेख वाचला. डिसेंबर २०२४ मध्ये व्हायचे मतदान तिथल्या राज्यकर्त्यांनी डिसेंबर २०२६ वर ढकलले, यावरची आपली टीका रास्त आहे. मात्र यादवीतून बाहेर पडणाऱ्या देशात निवडणूक लांबवणे म्हणजे केवळ खुर्चीला चिकटून राहण्याची पळवाट, असा जो सरसकट निष्कर्ष त्यातून निघतो, तो पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या मोहिमेत भारतीय पलटणी आहेत, त्यामुळे मिलिटरी अपशिंग्यासारखी गावे असलेल्या सातारा जिल्ह्याला हा विषय परका नाही.

अंगोलात सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या १९९१ च्या शांतता करारानंतर सप्टेंबर १९९२ मध्ये ठरल्या वेळी मतदान झाले. तोवर दोन्ही बाजूंच्या फौजा पुरत्या मोडल्या नव्हत्या आणि संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक होते जेमतेम साडेतीनशे. पहिल्या फेरीत राष्ट्राध्यक्ष दोस सांतुस यांना ४९ टक्क्यांहून थोडी अधिक, तर बंडखोरांचे नेते साविंबी यांना ४० टक्के मते मिळाली. साविंबींनी निकाल धुडकावला, दुसरी फेरी झालीच नाही, आणि पुन्हा पेटलेले युद्ध २००२ मध्ये ते मारले गेल्यावरच विझले. त्याच पोर्तुगीज राजवटीतून सुटलेल्या मोझांबिकमध्ये करार ऑक्टोबर १९९२ चा. वर्षभरात घ्यायची निवडणूक तिथे ऑक्टोबर १९९४ पर्यंत लांबली. पण त्या अवधीत दोन्हीकडच्या सैनिकांना छावण्यांत आणून शस्त्रे उतरवून घेतली गेली, रेनामो या बंडखोर संघटनेला पक्ष म्हणून उभे राहण्यासाठी पैसा पुरवला गेला, आणि एकवीस सदस्यांच्या निवडणूक आयोगात सरकारचे दहा, रेनामोचे सात, इतर पक्षांचे तीन व सर्वांना चालेल असा एक अध्यक्ष बसवण्यात आला. मतदानाच्या तोंडावर रेनामोच्या नेत्याने बहिष्कार पुकारला आणि लगेच मागेही घेतला; निकालात तो हरला, तरी त्या वेळी जंगलात परतला नाही. अर्थात पक्षांच्या वाटणीने भरलेला आयोग ही तहापुरती सोय होती. ती वळण म्हणून पुढेही टिकली आणि ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर तिथे रस्त्यावर रक्त सांडले, हेही नोंदवले पाहिजे.

नेपाळमध्येही संविधान सभेची निवडणूक दोनदा पुढे जाऊन १० एप्रिल २००८ रोजी झाली. दरम्यान माओवाद्यांची हत्यारे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली कंटेनरमध्ये बंद होती, किल्ल्या मात्र माओवाद्यांकडेच होत्या, आणि नेपाळी सेनेनेही तितकीच हत्यारे कुलपात ठेवली होती.

आपल्याकडचा अनुभव तर घरचाच आहे. फाळणीच्या रक्तपातानंतर, राज्यघटना अमलात येण्यापूर्वीच, मतदार याद्यांचे काम हाती घेतले गेले आणि निर्वासितांना त्या ठिकाणी कायम राहण्याचा इरादा लेखी कळवल्यावर नाव नोंदवू देण्यात आले. काही प्रांतांत भाषेने वा वंशाने वेगळ्या लोकांना यादीतून वगळण्याचे प्रकार चालले आहेत, हे कारण देऊनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ जून १९४९ रोजी घटना समितीत प्रांतोप्रांतीच्या वेगळ्या आयोगांऐवजी सबंध देशासाठी एकच आयोग सुचवला. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळात, स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढेच नोंदवलेल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली. निर्णय कठोर होता, आणि मला तो आजही खटकतो. १९५३ मध्ये सुदानच्या निवडणूक आयोगाचे अध्यक्ष म्हणून गेले तेही हेच सेन. आजचा दक्षिण सुदान तेव्हा त्याच देशात होता.

दक्षिण सुदानच्या राज्यकर्त्यांना जाब विचारायचा तो मिळालेल्या वेळात तयारी किती केली, याच कसोटीवर. त्या वाढीव काळात सरकारी आणि विरोधी फौजांचे एकत्रीकरण पूर्ण झाले नाही, २००८ नंतर जनगणना नाही, आणि तिथल्या २०१८ च्या शांतता करारातले दुसरे प्रमुख भागीदार, विरोधी गटाचे नेते रिक माचार यांना मार्च २०२५ मध्ये स्थानबद्ध करण्यात आले. ही तयारी नव्हे, निव्वळ कालहरण आहे. अशा स्थितीत तारीख पाळली म्हणून काही साधेल, असे मात्र मला वाटत नाही.

निवडणुकीच्या ड्यूटीवर केंद्राध्यक्ष म्हणून मी पाहिले आहे की, एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारे पक्षांचे प्रतिनिधी मशीन सील करताना सही करायला शेजारी बसतात आणि सतरा-सीची, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मची, प्रत खिशात पडल्याशिवाय केंद्र सोडत नाहीत. म्हणून आपल्या पुढच्या लेखांत तारखेपेक्षा या गोष्टींची माहिती यावी, अशी विनंती आहे: कच्ची यादी गावोगाव लावून हरकती मागवल्या का, छावण्यांत राहणाऱ्या विस्थापितांनी मत कुठे द्यायचे हे ठरले का, आणि केंद्रावरच्या मोजणीची सही केलेली प्रत माचार यांच्या माणसाच्या हाती पडणार आहे का.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
कोरेगाव, जि. सातारा