पन्नास सह्यांचे मुखत्यारपत्र

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

23 जुलैला टिळक जयंती, 1 ऑगस्टला पुण्यतिथी, मग क्रांतिदिन, मग स्वातंत्र्यदिन. या तीन-चार आठवड्यांत पुण्यात राष्ट्रवादावर पुष्कळ बोलले जाते. व्याख्याने होतात, आपल्या अंकातही लेख येतात, आणि चर्चा फिरून फिरून त्याच वादावर येते: टिळक मोठे की गोखले, जहाल खरे की मवाळ. या सगळ्यात 25 जुलैकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. 1880 साली त्या दिवशी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, वारले. टिळक आणि गोखले दोघेही पुढे ज्या संस्थेत वावरले, ती काकांनी उभी केली होती. ती कशी उभी केली, हे आजच्या पुणेकरांनी नीट समजून घ्यावे, म्हणून हे पत्र.

2 एप्रिल 1870 रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त अगदी गावातले होते. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या आणि पंचांना जाब विचारायचा होता. पण विचारणार कोण आणि कोणाच्या वतीने? सभेने नियम केला की ज्याला सभासद व्हायचे आहे त्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. काका पेशाने वकील. अशिलाने वकीलपत्र दिल्याशिवाय कोर्टात उभे राहता येत नाही, हे त्यांच्या रोजच्या सवयीतले होते. तेच त्यांनी सार्वजनिक कामाला लावले. सुरुवातीला 95 सभासद झाले आणि त्यांच्यामागे सहा हजारांवर लोकांच्या सह्या होत्या.

तेव्हा मतदारयादी नव्हती, मतपेटी नव्हती, काँग्रेस निघायला पंधरा वर्षे अवकाश होता. पन्नास माणसे म्हणजे एखादा मोठा वाडा आणि शेजारची आळी. प्रत्येकाला सभा म्हणजे काय ते सांगायचे, पटवायचे, सही घ्यायची. आणि उद्या तोच माणूस रस्त्यात गाठून विचारणार, ‘आमच्या अर्जाचं काय झालं?’ मला राष्ट्रवादाची सुरुवात इथे दिसते. एका माणसाने दुसऱ्याला लेखी सांगितले, की माझ्या वतीने तू बोल, आणि बोललास की मला येऊन सांग.

या सह्यांचे वजन 1876-77 च्या दुष्काळात कळले. सभेने गावोगावच्या माणसांकडून पत्रे मागवली. धान्याचा भाव काय, जनावरे किती उरली, लोक घरे सोडून कुठे चालले, हे सगळे गोळा करून सभा सरकारला कळवत राहिली. दुष्काळी कामांवरची मजुरी हिंदुस्थान सरकारने दुष्काळासाठी पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने कमी झाली, तेव्हा हजारो मजुरांनी कामावर जायचे नाकारले. सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. ऐकीव गोष्टींवर बोलण्याची वेळ तिच्यावर आली नाही, कारण खेड्यांतून आलेली माहिती तिच्या दप्तरात होती. त्याच जानेवारीत, 1877 च्या दिल्ली दरबारात, राजेरजवाड्यांच्या जरतारी गर्दीत काका हातसुताचे पांढरे कपडे घालून गेले आणि हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे हक्क द्या, अशी मागणी त्यांनी मांडली. दोन वर्षांनी, सरकारविरुद्ध सशस्त्र बंड केलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचा खटला पुण्यात उभा राहिला. फडक्यांशी नाव जोडले जाणे तेव्हा धोक्याचे होते. सरकारचा संशय न्यायमूर्ती रानड्यांपर्यंत पोचला होता. फडक्यांच्या बचावाला काका उभे राहिले.

या सभेत उणे होतेच, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. सभासद बहुतेक सरदार, इनामदार, सावकार, वकील. जोतीराव फुल्यांनी सभेवर कठोर टीका केली. शूद्र-अतिशूद्रांचे या ‘सार्वजनिक’ सभेत स्थान काय, हा त्यांचा सवाल होता. 24 सप्टेंबर 1873 रोजी त्यांनी याच शहरात सत्यशोधक समाज स्थापन केला. माझ्या मते फुल्यांचा सवाल मुखत्यारपत्राच्या कल्पनेतूनच सरळ निघतो. सही हाच अधिकार असेल, तर ज्यांची सही कोणी मागितलीच नाही त्यांचे काय? राष्ट्र घडवणाऱ्यांची नावे घेताना काका आणि जोतीराव ही दोन्ही नावे एका दमात घ्यायला हवीत.

टिळक-गोखले वादाबद्दल एवढेच सांगतो. 1895 मध्ये सभा टिळकांच्या गटाकडे गेली आणि रानडे-गोखल्यांनी पुढच्या वर्षी डेक्कन सभा काढली. कटुता होतीच. तरीही 1896 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची कैफियत घेऊन तरुण गांधी पुण्यात आले, तेव्हा दोघांनीही त्यांना मदत केली. गांधींच्या जाहीर सभेला कोणत्याच गटाचा नसलेला अध्यक्ष हवा म्हणून टिळकांनी संस्कृत पंडित डॉ. भांडारकरांचे नाव सुचवले आणि गोखल्यांनाही ते पटले. त्याच सुमारास पुन्हा दुष्काळ पडला. टिळकांच्या ताब्यातल्या सभेने गावोगाव माणसे पाठवून शेतकऱ्यांना दुष्काळ संहितेतले, म्हणजे सरकारच्याच दुष्काळी नियमांतले, त्यांचे हक्क समजावून सांगितले, आणि 1897 मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. लोकांच्या वतीने बोलण्याचा तिचा हक्कच सरकारला खुपत होता.

आता आजचे बोलतो. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे या शहराला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक अंदाजपत्रक करत होते, प्रशासकच ते मंजूर करत होते. या काळात दर ऑगस्टला आपण टिळकांच्या पुतळ्याला हार घातला, ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ हे शाळेतल्या मुलांकडून म्हणवून घेतले. मात्र आमच्या वतीने बोलणारे कोणी नाही म्हणून शहर रस्त्यावर आले नाही. आमच्या भागात पाण्याची वेळ बदलली तेव्हा विचारायला जायचे कोणाकडे, हे सोसायटीत कोणालाच सांगता येईना. ज्या गावाने मतपेटीच्या आधी मुखत्यारपत्र शोधून काढले, त्या गावाने हे इतके मुकाट्याने सोसावे याचे मला मनापासून दुःख होते.

निवडणूक झाली, नगरसेवक आले. पण मत देऊन आपले काम संपले असे समजायचे कारण नाही. आपल्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे: नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बोलावून त्यांच्यासमोर कामे मांडायची, त्यांचे ऐकायचे. आमच्या प्रभागात अशी सभा झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे, की आपल्या इमारतीतल्या, आळीतल्या, वस्तीतल्या पन्नास जणांच्या सह्या घेऊन क्षेत्रसभेच्या मागणीचा अर्ज नगरसेवकाला द्यावा आणि पोच घ्यावी. सह्यांत घरकाम करणाऱ्या बाई, वॉचमन, कोपऱ्यावरचा भाजीवाला, ज्यांचे मत या प्रभागात आहे ते सगळे असावेत.

आणि आपल्याला एक विनंती. कोणत्या प्रभागात क्षेत्रसभा कधी होणार आणि कोणत्या प्रभागात वर्षभरात एकही झाली नाही, याची यादी आपण शहराच्या पानावर नियमित छापावी. पहिली यादी येत्या 25 जुलैच्या अंकात आली तर फार बरे होईल.

आपला,
एक वाचक
नारायण पेठ, पुणे