हाड जुळले, पुढे काय?

संपादक महोदय,

अपघातानंतर एक्स-रेत हाड जुळलेले दिसले की घरचे आणि डॉक्टर सुटकेचा निःश्वास टाकतात. रुग्ण मात्र कर्कश ब्रेक ऐकला की दचकतो, रस्ता ओलांडताना सोबतच्याचा दंड घट्ट धरतो. सुरुवातीचे काही आठवडे हे स्वाभाविकच. महिना उलटूनही त्रास टिकला, तर ‘पीटीएसडी’ची (आघातानंतर मनात टिकून राहणाऱ्या विकाराची) तपासणी व्हायला हवी.

कोण कसा सावरेल, हे केवळ जखमेवर नाही, नात्यांतल्या भरवशावरही ठरते. मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांच्या भावबंधांचा जो अभ्यास केला, त्याचा धागा पुढे प्रौढांपर्यंत पोचला. आपल्यासाठी कुणीतरी धावून येईल असा भरवसा असलेला माणूस सहज मदत मागतो. ज्याला तो भरवसा डळमळीत वाटतो, तो दहादा तेच विचारतो आणि घरच्यांना ‘नाटकी’ वाटतो. तिसरा ‘मी ठीक आहे’ म्हणत कुबडी घ्यायला स्वतःच उठतो. सगळे त्याचे कौतुक करतात. मला काळजी वाटते ती याचीच. फॉलोअपच्या घाईत तो हमखास नजरेतून सुटतो.

प्लास्टर काढताना डॉक्टरांनी झोप लागते का, अपघाताची स्वप्ने पडतात का, बोलायला जवळचे कोण आहे, एवढे तरी विचारावे. मात्र अपघाताची हकीकत बळेच वदवून घेऊ नये. त्याने फायदा होत नाही, कधी त्रासच वाढतो.

– एक वाचक