विहिरीत उतरलेलं पिंप

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पत्राला उशीर झाला, पण शिव्या घालण्याआधी हे वाच.

नेदरलँड्समध्ये रोमन साम्राज्याची उत्तर हद्द बघत फिरतोय. डोंगरी किल्ला डोळ्यांपुढे आणू नकोस. इथे सपाट चिखल, मातीचे बांध, लाकडी तट आणि समोर ऱ्हाईन. नदी हीच हद्द, आणि नदी हाच रस्ता.

मला मात्र तलवारी-शिरस्त्राणांपेक्षा एका जुन्या पिंपानं धरून ठेवलं. किल्ल्यांत विहीर खणताना कडेची माती ढासळू नये म्हणून सैनिक रिकामी पिंपं खड्ड्यात उभी करायचे. झाकण-बूड ठोकून काढायचं, एकावर एक ठेवायचं, झाली विहीर! पाण्याखाली हवा नाही, त्यामुळे दोन हजार वर्षांत लाकूड कुजलं नाही. फळीवर बुचाचं भोकही तसंच.

गंमत पुढे आहे. यातली बरीच पिंपं चंदेरी फर (सिल्व्हर फर) या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची, आणि हे झाड इथल्या सखल प्रदेशात उगवतच नाही; ते वरच्या अंगाला, आल्प्सकडच्या डोंगरांत. म्हणजे पिंप वाईन घेऊन नदीनं खाली आलं. पुरुषभर उंचीच्या, आठशे-हजार लिटरच्या भरल्या पिंपाचं वजन टनाच्या घरात जातं. बैलगाडीवर ते किती लांब नेणार? मातीच्या अम्फोरा, म्हणजे वाईन-तेलाचे दोन कानांचे उंच रांजण, तर स्वतःचंच भलं मोठं ओझं घेऊन फिरतात. पिंप निदान गडगडवता तरी येतं.

व्हाल्कनबर्गच्या किल्ल्यात एका पिंपाच्या बुडावर सम्राट कॅलिग्युलाच्या नावाचा छाप मिळाला. त्याची कारकीर्द इ.स. ३७ ते ४१. म्हणजे सम्राटाच्या खासगी मळ्यातली वाईनही इथवर पोचत होती. साधे सैनिक प्यायले की फक्त साहेबलोक, ते पिंप काही बोलत नाही!

मला विचारशील तर खरी साक्ष रिकाम्या पिंपाची आहे. ते परत गेलं नाही. प्रवाहाविरुद्ध रिकामी लाकडं ओढत नेण्यापेक्षा ती इथेच कामाला लावणं परवडलं असणार. पेय संपलं, पिंप जमिनीत गेलं, आणि वाईनच्या लाकडातून लोक पाणी प्यायले.

युट्रेक्टजवळ होखे वुर्दच्या संग्रहालयात रोमन काळातलं सपाट बुडाचं एक जहाज ठेवलंय: पंचवीस मीटर लांब, रुंदी जेमतेम पावणेतीन मीटर. उथळ पाण्यासाठीच बांधलेलं. त्याच्या केबिनमध्ये सुताराची हत्यारं सापडली. वाटेत काही मोडलं तर गडी स्वतःच ठोकून घेत असावेत. त्याबद्दल पुढच्या पत्रात. इथे वारा असा सुटलाय की कागद हातात ठरत नाही.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच