रिटर्न भरणाऱ्याचं नाव रिटर्नवर येऊ द्या

मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारात गेली सव्वीस वर्षं मी इन्कम टॅक्सची कामं करते. वकिलीची सनद आहे, पण कोर्टाची पायरी क्वचितच चढते. माझे अशील म्हणजे रेल्वेतले, रिफायनरीतले, बँकांतले पगारदार आणि पेन्शनर. त्यातल्याच एकाची हकिगत आधी सांगते.

२०२५ च्या जुलैत प्रतापनगरहून रेल्वेतले एक तंत्रज्ञ आले. सोबतच्या दोघांना आयकर खात्याचा एसएमएस आला होता, म्हणून घाबरून ‘ताई, माझंही बघा’ म्हणाले. पोर्टलचा पासवर्ड त्यांना ठाऊक नव्हता. आधारवर ओटीपी मागवून तो बदलला, तर प्रोफाइलमधला ई-मेलही त्यांचा नाही. खात्यानं काही पाठवलं असतं तरी यांना कळलंच नसतं. आधीच्या वर्षाचं रिटर्न उघडलं. वजावटींच्या रकान्यांत कलम ८०जीजीसीखाली एका राजकीय पक्षाला साठ हजारांची देणगी आणि ८०यूखाली पंचाहत्तर हजार. “हे ८०यू काय आहे?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, अपंगत्वाची वजावट. डब्याखाली शिरून ब्रेक तपासणारा माणूस तो. दोन्ही हात टेबलावर ठेवून बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसला.

वीस टक्क्यांच्या टप्प्यात या दोन खोट्या ओळींचा, सेस (उपकर) धरून, २८,०८० रुपये रिफंड झाला होता. रिटर्न भरून देणाऱ्या माणसानं त्यातले दहा टक्के आपले म्हणून घेतले होते. आता अपडेटेड, म्हणजे चूक दुरुस्त केलेलं, रिटर्न भरायचं, तर सगळा कर परत, त्यावर व्याज आणि वर पंचवीस टक्के अतिरिक्त कर. हे सगळं या गृहस्थांच्या खिशातून जाणार. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, “आणि त्या माणसाचं काय?”

अर्थमंत्री महोदया, पत्र लिहायला बसले ते या प्रश्नामुळे. कायद्यात उत्तर नाही असं नाही. खोटं विवरण भरायला मदत करणाऱ्यावर खटला भरण्याची तरतूद १९६१ च्या आयकर कायद्यात कलम २७८ मध्ये होतीच. पण रिटर्न भरलं जातं करदात्याच्या लॉगिनमधून, पडताळणी होते त्याच्याच ओटीपीनं. ज्यानं आकडे घातले त्याचं नाव कुठेच उमटत नाही. मग शिक्षा कोणाला करणार?

त्याच जुलैत आपल्या खात्यानं देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली, त्यात गुजरातही होतं. आधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचंही जाहीर झालं. कारवाई योग्यच होती. शिवाय रिटर्नमध्ये विमा पॉलिसीच्या क्रमांकासारखे तपशील आता मागितले जातात, तेही बरं झालं. पण हे चाळीस हजार सगळे चोर नव्हेत. कित्येकांनी फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा मालकानं दिलेला दाखला) आणि ओटीपी दिला, आणि रिफंड आला म्हणून आनंद मानला. लोभ होता, नाही म्हणणार नाही. पण फॉर्म भरणाऱ्याला कायदा कळतो, हा त्यांचा विश्वासही होता, आणि त्या विश्वासाचेच पैसे कोणीतरी घेतले.

रोगाचं मूळ टक्केवारीत आहे, असं माझं ठाम मत आहे. चार्टर्ड अकाउंटंटला काही अपवाद सोडता फी निकालावर किंवा टक्केवारीवर ठरवता येत नाही. १९४९ च्या कायद्यात ते गैरवर्तन ठरतं. आम्हा वकिलांवरही तसंच बंधन आहे. कारण उघड आहे: रिफंड जितका फुगेल तितकी आपली कमाई, असं एकदा ठरलं की अशिलाला ‘नाही’ कोण म्हणणार? चुकीचं प्रमाणपत्र देणाऱ्या लेखापालाला २०१७ पासून दहा हजारांचा दंडही आहे. पगारदाराचं साधं रिटर्न मात्र कोणीही, कुठेही, कितीही टक्क्यांनी भरून देऊ शकतो.

आमच्या पेशाला मी धुतल्या तांदळासारखं म्हणत नाही. माझ्याकडे एकजण करसवलतीसाठी घरभाड्याच्या बारा पावत्या घेऊन यायचे. बाराही एकाच पेनानं, एकाच बसणीत लिहिलेल्या, खाली आईची सही. आईला भाडं देणं बेकायदा नाही. पण पैसे खरंच दिले जातात का, आईच्या उत्पन्नात ते दाखवले का, हे मी तीन वर्षं विचारलं नाही. चौथ्या वर्षी विचारलं, तेव्हा ते उठून गेले आणि परत आले नाहीत. पहिल्याच वर्षी विचारायला हवं होतं. अशील जाईल या भीतीनं गप्प बसले, याची मला आजही लाज वाटते.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी व्हावी आणि त्याचा क्रमांक रिटर्नमध्ये यावा. रिफंडच्या टक्केवारीवर फी घेणं सर्वांसाठीच बंद व्हावं. यातलं पहिलं अगदी नवं नाही. २००६ च्या टॅक्स रिटर्न प्रिपेअरर (रिटर्न भरून देणारा) योजनेपासून फॉर्ममध्ये प्रिपेअररचं नाव, क्रमांक आणि प्रतिस्वाक्षरी यांसाठी रकाना छापला गेला. मी पाहिलेल्या बहुतेक रिटर्नांत तो कोराच असायचा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आहे, तर तो रकाना सर्वांसाठी सक्तीचा करायला याहून चांगली वेळ कोणती?

नोंदणी आली की लायसन्स राज येईल, गल्लीतल्या होतकरू मुलांचं पोट जाईल, अशी भीती काही सहकारी बोलून दाखवतात. मला तसं वाटत नाही. परीक्षा अवघड नको, शुल्क नाममात्र ठेवा. प्रामाणिक मुलाला स्वतःचं नाव लिहायला काय अडचण असणार?

त्या रेल्वेवाल्या गृहस्थांचं चलन आम्ही भरलं. तेव्हापासून माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक रिटर्नच्या छापील प्रतीवर मी माझं नाव, सनद क्रमांक आणि घेतलेली फी लिहून सही करते. अशील ती घरी फाइलला लावतात. हीच सही आपल्या पोर्टलवर करता येईल, एवढी जागा द्या.

आपली विश्वासू,
दांडिया बाजार, बडोदे येथील एक कर सल्लागार