सूचना : आखाजीच्या बैठकीसाठी व्हेलम कागद

सर्व सभासद भगिनींना कळविण्यात येते की, आखाजीआधीच्या (अक्षय्य तृतीयेआधीच्या) रविवारी होणाऱ्या बैठकीत भेटकार्डे व स्क्रॅपबुक यांसाठी व्हेलम या अर्धपारदर्शक कागदाचे काम घेण्यात येणार असून प्रत्येकीने साधारण १०० जीएसएमचे (दर चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचे) दोन ताव सोबत आणावेत. साधा ट्रेसिंग पेपरही चालेल, मात्र पातळ असल्यास तो उठावाच्या कामात लवकर फाटतो.

व्हेलम अर्धपारदर्शक असल्यामुळे माहेरवाशिणीच्या झोक्याच्या छायाचित्रावर त्याची पट्टी ठेवून आखाजीच्या गाण्याची ओळ लिहिली, तर अक्षरे वाचता येतात आणि खालचे चित्रही पुसट दिसत राहते. उठावाचे काम आमच्या मते सर्वांत देखणे : कागद पालथा घालून, खाली मऊ फोम ठेवून, गोल टोकाच्या हत्याराने (शाई संपलेल्या बॉलपेनानेही भागते) हलक्या हाताने पुन:पुन्हा गिरवत गेल्यास तेवढा भाग पांढरा होऊन सुलट बाजूने वर येतो. अक्षरे असतील तर ती अर्थातच उलटी गिरवावी लागतात.

पातळ डिंक कृपया आणू नये, कारण ओलाव्याने कागद सुरकुततो आणि डाग आरपार दिसतो. त्याऐवजी दुहेरी चिकटपट्टी कागदी फुलाच्या आड लावावी किंवा सरळ सुईदोऱ्याने दोन टाके घालावेत. शाई या कागदात मुरत नसल्याने ती पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये. तयार पाने जड वहीखाली सपाट ठेवावीत, अन्यथा श्रावणातील दमट हवेत, कानबाईच्या सणाच्या सुमारास, त्यांच्या कडा वळतात.